भाव सांग, किंमत नको

मागच्या महिन्यात कांजूरमार्गच्या एका सुपरमार्केटात तेलाच्या फळ्यांसमोर आई थांबली. एक पिशवी उचलली, तळहातावर जराशी वरखाली केली आणि जागच्या जागी ठेवून दिली. म्हणाली, "हे लिटर नव्हे."

दिसायला लिटरचीच पिशवी. शेजारच्या पिशवीएवढीच उंच, तेवढीच टम्म. आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. लांबून येणाऱ्या बसचा नंबर तिला माझ्याआधी दिसतो, पण पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावूनही लागत नाहीत. म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी पिशवी उलटीसुलटी करून वजन शोधलं. ८४० ग्रॅम. शेजारची खरंच एक लिटर होती, म्हणजे ९१० ग्रॅम.

"ही १३९ ला आहे, ती १४५ ला," मी म्हटलं.

"किंमत नको सांगूस. भाव सांग."

मी फोनमधला कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत तिचा हिशेब झालासुद्धा. "सहा रुपयांत सत्तर ग्रॅम तेल जास्त येतंय. सत्तर ग्रॅमला अकरा रुपये तरी पडतात. मोठी घे."

किंमत आणि भाव हे शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. आई वापरत नाही. किंमत पाकिटाची असते, भाव मालाचा. किंमत छापलेली असते, भाव काढावा लागतो. तिनं आयुष्यभर ह्या एका फरकावर घर चालवलं, आणि मला तो नीट कळायला पन्नाशी उजाडली.

हे ८४० कुठून आलं, ते मी घरी येऊन शोधून वाचलं. पूर्वी चहा, बिस्किटं, साबण, खाद्यतेल अशा काही वस्तू ठरावीक वजनमापांतच पॅक करून विकायची सक्ती होती. त्यामुळे दोन कंपन्यांची पाकिटं शेजारी ठेवली की किंमत बघूनच भाव कळायचा. २०२१ मध्ये नियम बदलले. ठरावीक मापांची यादी गेली आणि तिच्या जागी पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतात ते छापणं आलं. कंपनीनं हवं तेवढं भरावं, पण दर लिहावा. कल्पना चांगली आहे आणि मला ती मनापासून पटते. आईला मी मोठ्या उत्साहानं एक पाकीट दाखवून वाचलं, "०.१७ रुपये प्रति ग्रॅम."

तिनं विचारलं, "ग्रॅमनं कोण घेतं?"

तिचं म्हणणं रास्त होतं. किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा दर, किलोच्या वरच्यावर किलोचा, आणि तोही दोन दशांशांपर्यंतच. ०.१७ म्हणजे किलोला १७० म्हणावेत, तर खरा भाव १६५ ते १७५ च्या मध्ये कुठेही असू शकतो. किलोमागे दहा रुपये त्या दोन आकड्यांत दिसेनासे होतात. म्हणून अजूनही आमच्याकडे आईचीच पद्धत चालते. २०० ग्रॅमचं पाकीट असेल तर पाचपट, २५० चं चौपट, १२५ चं आठपट. आणि ८४० सारखं आडनिडं वजन आलं तर गुणाकाराच्या नादी लागायचंच नाही, दोन पाकिटांतला फरक पकडायचा. माल किती जास्त, पैसे किती जास्त, एवढंच.

हे गणित ती शाळेत शिकली नाही. १९८२ साली शिकली.

आम्ही नायगावात चाळीत राहायचो. बाबा गिरणीत होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, हे सगळं मी पुढे वाचलं. मला स्वतःला आठवतं ते वेगळंच. तोवर वाण्याकडे आई जायची. संप सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांनी ती मला पाठवायला लागली. हातात पैसे नसायचे, चिठ्ठी असायची. अर्धा किलो साखर, पाव किलो तूरडाळ, चहाची पुडी. खाली लिहिलेलं असायचं, मांडून ठेवा. शेठ चिठ्ठी वाचायचे, पुड्या बांधायचे, लाल वहीत लिहायचे आणि वही मिटायचे.

एकदा मी विचारलं, "शेठ, साखर काय भाव?" आई विचारायची ते ऐकून ऐकून मलाही सवय लागली होती. शेठ काही वाईट बोलले नाहीत. हसून म्हणाले, "भाव कशाला पाहिजे तुला? बाबांची गिरणी चालू होऊ दे आधी."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आई स्टोव्ह पेटवत होती. तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "उधारीच्या दुकानात भाव विचारायचा नसतो. परत विचारू नकोस."

त्या शेठनी आम्हाला सगळ्या वाईट दिवसांत अन्न दिलं. त्यांनी हात आखडता घेतला असता तर आमचं काय झालं असतं, हा विचार मला आजही करवत नाही. पण त्या वहीत साखर रोखीपेक्षा चार आण्यांनी महाग मांडली जायची. शेजारच्या मावशी रोखीनं आणायच्या, त्यामुळे आईला ते नेमकं माहीत होतं. माहीत असून तोंड उघडता येत नव्हतं. पैसे नसण्यापेक्षा हे गप्प बसणं तिला जास्त लागलं असावं, असं मला वाटतं, कारण संपाच्या दिवसांबद्दल ती क्वचित बोलते आणि बोलते तेव्हा भुकेबद्दल बोलत नाही, ह्या चार आण्यांबद्दल बोलते.

संप रीतसर मिटलाच नाही. बाबांना पुढे एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली, आईनं डबे सुरू केले. वहीतला शेवटचा आकडा फिटायला १९८६ उजाडलं. त्या दिवशी ती मला बरोबर घेऊन स्वतः दुकानात गेली. पैसे मोजून दिले, वहीवर काट मारून घेतली. मग पदराची गाठ पुन्हा सोडली आणि म्हणाली, "पाव किलो साखर द्या. काय भाव आहे?"

शेठनी भाव सांगितला. तिनं मान हलवली आणि पैसे दिले.

त्यानंतर उधारी झाली नाही. नायगावातच अपना बाजार होता, १९४८ मध्ये कामगारांनीच उभं केलेलं सहकारी ग्राहक भांडार. रोख पैसे, लिहून लावलेले भाव, विचारायला संकोच नको. काही घ्यायचं नसलं तरी आई तिथे पाच मिनिटं भाव वाचत उभी राहायची, बाबा वाचनालयात पेपर वाचत उभे राहायचे तशी. घरी आल्यावर माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर ते उतरून काढायची. तूर, मूग, साखर, खोबरं, सुकं बोंबील. मला त्याचा राग यायचा, कारण मागची पानं माझ्या चित्रांसाठी होती.

मग डब्याच्या एका गिऱ्हाईक बाईंकडून मुंबई ग्राहक पंचायतीचं कळलं. १९७५ पासून ही चळवळ मुंबईत चालू आहे आणि आज पॅकबंद वस्तूंच्या जमान्यात तिची रीत लोकांना सांगायला हवी, असं मला फार वाटतं. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. प्रत्येक घरानं महिन्याची मागणी आधी यादीवर लिहून द्यायची. पंचायत सगळ्या संघांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी करते, माल संघातल्या एका घरी येऊन उतरतो आणि सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. दुकान नाही, काउंटर नाही, काचेतली सजावट नाही. दुकानाचं भाडं, नोकरांचा पगार, मधल्यांची टक्केवारी ह्या सगळ्याच्या जागी आपले दोन-तीन तास.

आमच्या खोलीत माल उतरायचा त्या दिवशी बाबा सकाळीच कॉट भिंतीला उभी करून ठेवायचे. जमिनीवर पेपर पसरायचे, मध्ये तागडी. बायका गोल करून बसायच्या आणि घरांची नावं घेत घेत मापं घालायच्या. आईकडे नेहमी तागडी असायची, कारण ती काट्याकडे बघून माप घालायची, माणसाकडे बघून नाही. आमच्या संघाचा एक आपला नियम होता. वाटप संपल्यावर पेपरवर जे सांडलेलं उरेल, ते ज्या घरी माल उतरला त्या घराचं. तांदूळ, साखर, डाळ सगळं एकात एक. मी आणि धाकटा भाऊ ते ताटात घेऊन निवडत बसायचो. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

त्या यादीनं आमच्या घराला काय दिलं, ते भावातल्या फरकाहून मोठं होतं. महिनाभर आधी मागणी लिहायची म्हणजे घर काय खातं ते माहीत पाहिजे. आम्हाला महिन्याला चार किलो साखर लागते, हे आईला त्या कागदामुळे पहिल्यांदा कळलं. वर्षभरात तिनं ती तीन किलोवर आणली. कोणाला चहा कमी गोड लागला नाही. जी साखर जात होती ती पाहुण्यांच्या चहात नव्हे, डबा उघडा राहून मुंग्यांच्या आणि दमटपणाच्या तोंडी जात होती.

आता महिन्याचं सामान आम्ही सुपरमार्केटातून आणतो. पवईत २००२ मध्ये डीमार्टचं पहिलं दुकान निघालं आणि पूर्व उपनगरांतल्या माझ्यासारख्या कितीतरी घरांची सवय बदलली. तिथे माल स्वस्त का मिळतो, ह्याचं मला बरंच कुतूहल होतं. बहुतेक दुकानांच्या जागा स्वतःच्या मालकीच्या, पुरवठादारांचे पैसे चटकन चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा, एकाच वस्तूचे ढीगभर प्रकार ठेवायचे नाहीत, अशी त्यामागची कारणं. आईला हे समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रोखीचा भाव."

अगदी तेच.

पण कुठल्याही सुपरमार्केटात धान्याच्या रांगेपासून बिलापर्यंतचा रस्ता लांब असतो. मध्ये प्लास्टिकचे डबे, उशांचे अभ्रे, टी-शर्ट, कढया. डाळ-तांदळावर दुकानाला थोडं सुटतं, ह्या वस्तूंवर जास्त सुटतं, हे त्या धंद्याचं साधं गणित आहे. मी बिलं जपून ठेवते. शाई उडून जाते म्हणून आणल्या दिवशीच फोटो काढते. गेल्या दिवाळीचं बिल यादीशी ताडून बघितलं तर ४,३०० रुपयांत साधारण १,५०० रुपये यादीत नसलेल्या वस्तूंचे होते. तेलाच्या पिशवीवर पाच रुपये वाचवून पुढच्या वळणावर दीड हजार. तेव्हापासून मी आईला ढकलगाडीच्या पुढे चालायला लावते. ती अभ्र्यांसमोर थांबत नाही.

बिलाचीही एक गोष्ट सांगते. एका दुकानात साबणाच्या फळीवर पाटी होती, चारवर एक मोफत. बिलात पाचही साबणांचे पैसे लागले. मी ६२ रुपयांसाठी मागे फिरणार नव्हते, रांग मोठी होती, मागचे गृहस्थ घड्याळ बघत होते. आई काउंटरवरच उभी राहिली. काउंटरवरच्या मुलीचा चेहरा रडवेला झाला, तिला सुपरवायझरला बोलवावं लागणार होतं. आई तिला म्हणाली, "तुझी चूक नाही गं बाळा. तू काही मशीनमध्ये भाव घातला नाहीस. ज्यानं घातला त्याला बोलव." दहा मिनिटं गेली, पैसे परत मिळाले. बाहेर आल्यावर मी कुरकुरले. तिनं मला विचारलं, "तुला विचारता येतंय ना? मग विचारायचं नाही का?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथेच ऐकलं नसतं तर १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा, हे आता मी शेजारपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

हप्त्यांचं मात्र मी स्वतः शिकले. वॉशिंग मशीन घ्यायला गेले तेव्हा विक्रेता विनाव्याज हप्त्यांबद्दल बोलत होता. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते व्याज वस्तूच्या किमतीतच दडवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. मी एवढंच विचारलं, "एकरकमी दिले तर काय भाव?" तो आत जाऊन विचारून आला. १,८०० रुपये कमी. मला नायगावची लाल वही आठवली.

२२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या जीएसटीत आलं, तेव्हाही आईचा पहिला प्रश्न होता, मग उतरला का भाव? १०० रुपयांची वस्तू ८९ च्या आसपास यायला हवी, एवढं काढून मी जुन्या बिलांचे फोटो घेऊन गेले आणि एकेक वस्तू ताडून बघितली. ज्यांच्याकडे जुनं बिल नाही, त्यांनी हे कशावरून बघायचं?

वाचवणं म्हणजे स्वस्त घेणं, असा समज असेल तर आईबरोबर एप्रिलमध्ये लालबागला यावं. मिरची गल्लीत शिरण्याआधीच ठसका लागतो. दोन्ही बाजूंना पोती उघडी, बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी. रंगाला कुठली, तिखटाला कुठली, हे प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं आणि त्यावर चर्चा नाही. आई भाव शेवटी विचारते. आधी एक मिरची उचलून कानाशी हलवते. आतलं बी खुळखुळलं पाहिजे. मग मधोमध वाकवते. कडकन मोडली तर सुकी, नुसती दुमडली तर ओल आहे.

गेल्या वर्षी एका दुकानात बेडगी किलोमागे चाळीस रुपयांनी स्वस्त होती. मी खूश झाले. आईनं मूठभर दाबून बघितली, मूठ उघडल्यावर मिरच्या तशाच दबलेल्या राहिल्या. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाणी मिरचीच्या भावानं कशाला घ्यायचं?" ओली मिरची वजनात भरते, गच्चीवर चार दिवस वाळवली की तेच वजन उडून जातं, आणि नीट वाळली नाही तर मसाल्याला पावसाळ्यात बुरशी. आम्ही पलीकडच्या दुकानातली महागातली घेतली. तीही देठासकट. देठ काढलेली महाग पडते, आणि देठ नसलेल्या मिरचीच्या तोंडातून आत ओल शिरते, असं आईचं म्हणणं. घरी देठ खुडून मी गंमत म्हणून ते वजनकाट्यावर ठेवले, देठ काढण्याचे किती पैसे वाचले ते बघायला. आई म्हणाली, "देठांचा भाव काढून झाला असेल तर माझ्या बोटांची आग होतेय, जरा तेल दे."

डंकावर मसाला कुटून होईपर्यंत ती तिथेच स्टुलावर बसते. नाकाला पदर, नजर आपल्या मिरचीवर. तिथे वर्षाचा मसाला होतो आणि दर महिन्याच्या यादीतून एक ओळ कायमची कमी होते.

ह्या पावसाळ्यानंतर आम्ही आमच्या विंगमध्ये एक गोष्ट सुरू केली. २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावरच्या गोणीला लागत नाही. म्हणून बाजारात २६ किलोच्या गोण्या दिसतात. पण एका घराला २६ किलो तांदूळ मुंबईच्या हवेत ठेवायचे म्हणजे टोके पाळायचे. आईनंच सुचवलं. समोरच्या घरातली नवी सून, खालच्या मजल्यावरची नर्स, वरचे निवृत्त काका आणि आम्ही. कोलमची एक गोणी, चार घरं, प्रत्येकी साडेसहा किलो.

पहिली गोणी आमच्या हॉलमध्ये उतरली. मी सोफा मागे सरकवला, पेपर पसरले. तागडीऐवजी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, तो एका वेळी पाच किलोच मोजतो म्हणून दोन-दोन खेपा. आई खुर्चीत बसून आकडे विचारत होती. काका म्हणाले, "अहो, थोडं इकडे तिकडे झालं तर काय होतंय." आई म्हणाली, "होत काही नाही. पण काटा आहे ना, मग काट्यानंच घालू." नव्या सुनेला हे सगळं फार आवडलं. ती पुढच्या महिन्यात तूरडाळीचंही करूया म्हणाली आणि फोनवर यादी लिहायला लागली.

डबे भरून सगळे गेले. मी पेपर गोळा करायला लागले तर त्यावर मूठभर तांदूळ राहिले होते, घडीच्या रेषेत जमलेले. मी ते नर्सबाईंच्या डब्यात द्यावेत म्हणून उठले, त्यांच्या पिशवीला बारीक भोक होतं आणि त्यांचेच सांडले असणार, असं मला वाटलं.

आईनं हात धरला. "माल कोणाकडे उतरला?"

"आपल्याकडे."

"मग ताट आण," ती म्हणाली आणि चष्मा शोधायला लागली.